मावशीने परत नेलेलं भांडं

जाकमेल, ९ डिसेंबर

एकाच आईच्या हातचं भोपळ्याचं सूप प्यायलेल्या आणि आता माझ्यासारख्याच त्या चवीला मुकलेल्या ओदिलीयाताईस,

सादर नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे, दुखतोय तो फक्त अभिमान.

एर्सिलीमावशी माझ्या दारावरून भांडं घेऊन पुढे जाते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. पण दोष कुणाचा, ते माझ्याकडून ऐक. तीन वर्षांपूर्वी एक जानेवारीला, स्वातंत्र्यदिनी, ती नेहमीप्रमाणे सूप घेऊन आली. मी झाकण काढलं, तर आत मकरोनी! जे सूप आपल्या गुलाम पूर्वजांनी फ्रेंच मालकांसाठी शिजवलं आणि स्वतः चाखलंही नाही, जे १८०४ साली स्वतंत्र होऊन आपण पहिल्यांदा प्यायलो, त्यात परदेशी गहू? मी दारातच बोलायला लागलो. (तू मला ओळखतेस. १७९१च्या गुलामांच्या उठावापासून सुरुवात केली.) अर्धी गल्ली जमली. मावशी शेवटपर्यंत उभी राहिली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, हातात गरम भांडं धरून. मग म्हणाली, "बाळा, तुझ्या आईला मकरोनी बाजारातून मीच आणून द्यायचे. भाषण झालं असेल तर झाकण दे इकडे."

आणि भांडं घेऊन गेली.

पुढच्या वर्षी मी स्वतः सूप केलं, संपूर्ण स्वदेशी. मिरची अख्खी सोडायची आणि न फोडता अलगद काढायची, हे कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी चार बारीक चिरून घातल्या. शेजारचा न्हावी देरिवाल शुभेच्छा द्यायला आला होता. सणाचं सूप नाकारता येत नाही म्हणून बिचारा दोन चमचे प्यायला, आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा त्याने मला हातवाऱ्यांनी दिल्या. वाचा परतल्यावर म्हणाला, "मास्तर, आपल्या लोकांनी फ्रेंचांना हे पाजलं असतं, तर लढाई दुपारीच संपली असती."

यंदा मावशीचे हात थरथरतात. हे आपलं शेवटचं पातेलं, असं तिने गल्लीत सांगून टाकलंय. ताई, आईची चव आता त्या एकाच पातेल्यात उरली आहे. मी तिला उभं ठेवलं, हे मला झोपताना आठवतं.

तुझा धाकटा भाऊ,
आन्सेल्म

ता. क. परदेशी गव्हाबद्दलचं माझं मत अजिबात बदललेलं नाही. गल्लीत कुणाला वेगळं सांगू नकोस.

ता. क. मावशीची माफी मागायला तीनदा गेलो. तिन्ही वेळा तिच्या उंबऱ्यावर १७९१ पासून सुरुवात झाली. तिसऱ्यांदा तिने स्वतःसाठी खुर्ची आणली.

ता. क. म्हणून एवढंच कर. तीस तारखेच्या बसने ये, माझ्याबरोबर तिच्या दारात उभी राहा, आणि 'मावशी, चुकलो' एवढं माझ्या तोंडून निघालं की लगेच त्या तोंडावर हात ठेव.