व्याह्यांच्या टेबलाचा टोन

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकले आहे, उरलेला भेटीत वसूल कर.) तुझा गुडघा काय म्हणतो, भावोजींचा खोकला कुठवर आला, आणि तुझी मांजर पुन्हा आई झाली की काय, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. खरं सांगायचं तर मधे आपल्या लेकीचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि तेही एका गिटारीपायी. फोनवरच सांगणार होते, पण दिवसभर मी यांच्या दवाखान्याच्या काउंटरवर, आणि समोर पेशंटांची रांग. त्यांचे दात दुखत असतात, कान अगदी ठणठणीत असतात.

तर झालं असं, की होणारे जावई गिटार वाजवतात. आता यांना दातांखेरीज दुसरा विषय नाही, आणि जावयाचे दात नेमके धडधाकट निघाले. बोलणार काय? म्हणून यांनीही एक गिटार आणली. पहिल्याच दिवशी तिच्यातून डब्यात चमचा पडल्यासारखा आवाज निघाला. बोटं चुकतायत हे यांच्या मनालाही शिवलं नाही. ‘टोन नाही हिला,’ म्हणाले आणि ती पाठीला लावून वाद्यांच्या दुकानात गेले.

तो दुकानदार बोलका! (तुझ्या मोठ्या जाऊबाईंना त्याच्यासमोर बसवावं, कोण आधी दमतं ते तरी कळेल.) त्यानं यांना समजावलं, की तारेचा स्वतःचा आवाज जेमतेम डासाएवढा. तार खालच्या घोडीला, म्हणजे ती जिच्यावर टेकते त्या पट्टीला, हलवते, घोडी वरच्या पातळ फळीला हलवते, फळी पेटीतल्या हवेला ढकलते, आणि ती हवा भोकातून बाहेर येते तेव्हा कुठे गिटार बोलते. म्हणजे खरी करामत त्या फळीची. ती अख्ख्या लाकडाची असेल तर मोकळी घुमते. प्लायवूडची असेल तर थर एकमेकांना धरून बसतात आणि आवाज दबतो. शिवाय फळीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या जाड असल्या तर फळी हलत नाही, फार बारीक असल्या तर तारांच्या ओढीनं फळीच पोट काढते. एवढं सांगून थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण त्यानं फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि म्हणाला, ‘ऐका.’ तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी मी एका पेशंटबाईंना आत सोडलं, तर हे डोक्याला दिवा बांधून, तोंडात घालायचा तो छोटा आरसा गिटारीच्या भोकात घालून आतल्या पट्ट्या बघतायत. बाई मुकाट्यानं बाहेर येऊन बसल्या. ‘आधी तिचं होऊ दे,’ म्हणाल्या. (आरसा नंतर मी स्वतः दोनदा उकळला, हे कुणाला विचारायची गरज पडू नये म्हणून लिहून ठेवते.)

मग टकटक सुरू झाली. घरातली कपाटं झाली, दारं झाली, भाजी चिरायची फळी झाली. मी ओट्याशी उभी असले की मागून हात येणार, फळी उचलणार, कानाशी धरणार. शेजाऱ्यांचं दार वाजवायचे, त्यांनी उघडलं की ‘काम काही नाही, ऐकत होतो,’ म्हणून परत यायचे. शेजारीणबाई आता मला फार हळू आवाजात विचारतात, ‘डॉक्टर बरे आहेत ना?’

अशा अवस्थेत आम्हाला व्याह्यांनी जेवायला बोलावलं. व्याह्यांचं फर्निचरचं दुकान आहे हे तुला माहीतच आहे. मी यांना वाटेत बजावलं होतं, की हात मांडीवर ठेवायचे. ठेवलेही. पण भात वाढेपर्यंत टेबल समोर, आणि यांचं मधलं बोट आपोआप उठलं. टक टक. मग मान तिरकी. मग पुन्हा टक टक. मी टेबलाखालून पाय मारला, तो विहीणबाईंना लागला.

‘प्लायवूड,’ हे म्हणाले.

व्याही हसले. ‘अख्खं लाकूड आहे, डॉक्टर. मी स्वतः निवडलंय.’

‘आवाज दबका आहे. वर नुसता पापुद्रा चिकटवलाय. गिटारीत अशी फळी—’

‘उचला ताटं!’ व्याही गरजले.

ताई, आम्ही सगळे हातात ताटं घेऊन भिंतीला पाठ लावून उभे. लेकीच्या एका हातात तिचं ताट, दुसऱ्यात कोशिंबिरीचं भांडं. जावयांनी पाण्याचा जग छातीशी धरलेला. आणि खोलीच्या मधोमध दोन म्हातारे धापा टाकत टेबल उलटं करतायत. उलटं झालं. खालच्या कडेला पॉलिश नव्हतं. एकावर एक चिकटवलेले थर पुस्तकाच्या पानांसारखे दिसत होते.

विहीणबाई पुढे झाल्या. ‘इतकी वर्षं,’ त्या म्हणाल्या, ‘दर रविवारी मी याला तेल चोळत्येय. गरम भांडं ठेवलं म्हणून सख्ख्या बहिणीला बोलले मी. आणि दुकान आपलं!’ आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. आम्ही गोड न खाताच निघालो.

पुढे व्याह्यांचा निरोप आला, की लग्नाचं आत्ताच नको, सवडीनं बघू. सवड म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लेक बापाशी बोलेना. समोरासमोर बसून मला म्हणायची, ‘बाबांना मीठ दे.’ हे बिचारे गिटार खाटेखाली सरकवून गप्प बसले. रात्री अंधारात म्हणाले, ‘माझ्या बोटाला काही अक्कल नाही.’ इतक्या वर्षांच्या संसारात यांचा कुठलाही अवयव चुकल्याचं मी प्रथमच ऐकलं. मला भरूनच आलं.

आणि मग व्याह्यांची दाढ दुखायला लागली. दोन दिवस लवंग धरून बसले, तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी दंडाला धरून आणलं. खुर्चीत आडवे, तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले. मी कापूस घेऊन बाजूला उभी. आता दाढ तपासायची तर तिच्यावर आरशाच्या दांड्यानं हलकेच वाजवावंच लागतं, त्याला इलाज नाही. यांनी वाजवलं. टक टक. यांनी माझ्याकडे बघितलं, विहीणबाईंकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.

‘सांगा की!’ विहीणबाई म्हणाल्या. ‘भरीव आहे की वर नुसता पापुद्रा?’

खुर्ची हलायला लागली. मला वाटलं व्याह्यांना झटका आला. बघते तर कापसासकट हसतायत, डोळ्यांतून पाणी. हेही हसायला लागले. इंजेक्शन थोडा वेळ लांबवावं लागलं, कारण दोघांचेही हात-तोंड ठिकाणावर नव्हते.

दाढ वाचली आणि लग्नही. जाताना व्याह्यांनी, अर्धं तोंड बधिर, ‘खलं लाकूल आणू’ असं कबूल केलं. परवा हे आणि व्याही जोडीनं वखारीत जाऊन विहीणबाईंच्या नव्या टेबलासाठी फळ्या वाजवून आले. वखारवाला म्हणे दोघांनाही पुन्हा पाठवू नका.

लग्नाला आठ दिवस आधीच ये. भावोजींना नमस्कार, मांजरीला गोंजारणे.

तुझी,
धाकटी

ता. क. खरं पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. गिटार खाटेखालून पुन्हा बाहेर आलीय, आणि हे लग्नात सगळ्यांसमोर ती वाजवायचं म्हणतायत. तुझा शब्द हे मोडत नाहीत. तेव्हा फोन करून तू सांग, की वधूपित्याला शोभत नाही, किंवा तुला सोसत नाही, किंवा जे सुचेल ते. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

ता. ता. क. आता आडपडदा कशाला. दुपारी दवाखाना बंद असतो आणि हे घोरतात, तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून गिटार वाजवते. होणाऱ्या जावयांनी शिकवलं. गाणी चार येतात, पैकी दोन ओळखू येतात. वाजवून वाजवून फळी मोकळी होते म्हणतात, तशी ती झालीय. आवाज इतका सुधारलाय, की हे येईल त्या पेशंटाला सांगतात, ‘माझा हात बसला.’ त्यांना म्हणू दे. लग्नात वाजवणार मी आहे.