खिडक्या

अहो,

हे पत्र तुमच्या हातात द्यायची छाती नाही, म्हणून शिलाई मशीनच्या खणात ठेवतेय.

आज बालवाडीच्या बाई आपल्या ठकूचं कौतुक करत होत्या. वर्गात दोन पोरं भांडायला लागली, तर ठकू उठली आणि एकेक करून सगळ्या खिडक्या लावून आली. "चार वर्षांची, पण किती समजूतदार हो!"

आपलं वाजलं की शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मीच खिडक्या लावते ना. तुमच्या आवाजाची वाटली नाही एवढी भीती मला त्या कौतुकाची वाटली.

घरी आल्यावर तिला खूश करायला म्हणून सांगितलं, "उद्या बाबा येणार, ट्रक घेऊन!"

ती स्टूल ओढत खिडकी लावायला गेली.

ठकूची आई