काकांच्या गालावरचा तीळ

तीर्थरूप काकांना पुतणीचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिताना पाठ दुखते, पण तुमच्यासाठी एवढं चालेल.) तुमच्या गुडघ्याची ठणक कमी असेल आणि रहिवासी संघाच्या निवडणुकीत पडल्यापासून धरलेला अबोलाही सुटला असेल, अशी आशा करते. मी मजेत आहे. म्हणजे आता आहे. गेल्या महिन्यात मुळीच नव्हते, आणि ते का, हे सांगायलाच बसले आहे.

क्लबातला माझा नवशिक्यांचा नेमबाजीचा वर्ग बंद पडायची वेळ आली होती. सेक्रेटरींनी तोंडावर सांगितलं, की महिनाअखेरीस कमिटी बघायला येईल, तोवर तुमच्या मंडळींचे छर्रे कागदाला लागले नाहीत तर हॉल टेबल टेनिसला देऊ. त्यांचंही चूक नव्हतं. माझ्याकडे शिंपीकाका, दातांच्या डॉक्टरीणबाई, निवृत्त पोस्टमास्तर, अशी सगळी चाळिशी लागलेली (आणि ती घरी विसरून आलेली) माणसं. त्यात क्लबचं टार्गेट म्हणजे मळकट कागदावर काळा गोळा. काळ्यात काळं भोक दिसायचं कसं, आणि चुकलं कुठे हे दिसल्याशिवाय माणूस सुधारायचा कसा? पोस्टमास्तर दर वेळी रायफल खाली ठेवून विचारायचे, "पोचलं का?"

मग डोळ्यांत भरेल असा कागद शोधत मी स्टेशनरीची दुकानं पालथी घातली. भडक गुलाबी आणला, तर डॉक्टरीणबाईंना तो डोळे मिटल्यावरही दिसू लागला. (नेम धरताना मात्र नाही.) हिरव्यावर लाल गोळा काढला, तर शिंपीकाका म्हणाले, गोळा काढायचा राहिला वाटतं. माझ्या ड्रेसना तसली अस्तरं का लागतात, याचा उलगडा त्या दिवशी झाला.

शेवटी तुमच्या निवडणुकीची उरलेली पोस्टरं आठवली. जाड, पिवळीधमक, पाठ कोरी. पाठीवर ठळक वर्तुळं काढायची, इतकाच माझा सरळ बेत होता. काढलीही. पण टांगायचं काम शिंपीकाकांवर सोपवलं, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी सुलट बाजू पुढे केली. मी रायफली तपासून मान वर करते, तो भिंतीवर ओळीनं तुम्ही, हसतमुख, आणि खाली 'सदैव तुमच्यासमोर'. मी "थांबा" म्हणेपर्यंत सगळ्यांनी चाप ओढले होते.

काका, एकही छर्रा वाया गेला नाही! पिवळ्यावर भोक लांबूनही दिसतं, आणि तुमच्या गालावरचा तीळ, छापताना चांगला कोटाच्या बटणाएवढा झालेला, नेम धरायला इतका सोयीचा की काय सांगू. दुसऱ्या फेरीला डॉक्टरीणबाई जरा कचरल्या; मग म्हणाल्या, तो पुढचा दात तसाही काढायला झालाय. पोस्टमास्तर तर "पोचलं!" म्हणून लहान मुलासारखे ओरडले. महिनाअखेरीस कमिटीनं येऊन बघितलं आणि वर्ग चालू ठेवला. मला तिथेच रडू फुटलं, कारण हा वर्ग माझा जीव आहे आणि तो तुमच्यामुळे वाचला. निवडणुकीत लोक म्हणायचे, काकांचा काही नेम नाही. आता सगळ्यांचा नेम काकांवरच आहे. राग मानू नका.

तुमच्याच तोंडाकडे बघून दिवस काढणारी,
पुतणी

ता. क. पोस्टरांची पार चाळण झाली असून गठ्ठा संपत आला आहे. तेव्हा येत्या निवडणुकीला तुम्ही पुन्हा उभं राहावं, अशी अख्ख्या वर्गाची आग्रहाची विनंती आहे. प्रचार आम्ही करू. रंग तोच ठेवा, तीळ झाकू नका.

आणखी एक ता. क. फक्त निवडून येऊ नका. एकदा खुर्चीत बसलात की पोस्टरं कोण छापणार? तुम्ही निवडून याल ही धास्ती काकूला बोलून दाखवली, तर म्हणाली, "ते माझ्याकडे लागलं. मागच्या वेळीही मीच बघितलं होतं."