हाकियाची खुर्ची

द्रीना नदीकाठ, १८ नोव्हेंबर २००६

चि. ग्रोझ्दानास अनेक आशीर्वाद.

तू व्हिएन्नात केक खात असशील. इथे परवा आपल्या घराण्याच्या संताचा सण झाला. त्या दिवशी आपण कुणाला बोलावत नाही आणि आलेल्याला परत पाठवत नाही. हे ओळखूनच रादिसाव आला. पुढच्या महिन्यात बेलग्रेडच्या कोर्टात आपली स्पासेनियाताई त्याच्याविरुद्ध साक्ष देणार. पण तो तिच्या मुलाचा, मिलेंकोचा कूम, धर्मबाप. आणि कूमविरुद्ध कोर्टात बोललेलं माणूस या खोऱ्यात अजून जन्माला आलेलं नाही, याची त्याला खात्री.

काय हा सेनापती! शिकारी क्लबचा अध्यक्ष होता तेव्हा डुकरामागे निघायचा आणि गुत्त्यात सापडायचा. ब्याण्णवमध्ये पुढारी आले, राष्ट्र धोक्यात असल्याचं सांगून बंदुका वाटून गेले, आणि क्लबच्या त्याच टोप्यांचं ‘वराह दल’ झालं. पुलापलीकडची मुसलमान आळी त्यांनी जाळली, पुरुषांना नदीवर नेऊन मारलं. येताना शिलाई मशीनही आणली. राष्ट्राला टाके घालायचे असतील. बेकरीवाल्या हाकियाला पळ म्हणून सांगायला गेलेली ताई पिठाच्या पोत्यांआड अडकली होती; तिच्यादेखत त्याला नदीकडे नेलं.

परवा ताईने रादिसावला गोड गहू वाढले, राकिया, आपली घरची दारू, ओतली. तो मेणबत्तीजवळच्या खुर्चीवर टेकणार, तोच ताई शांतपणे म्हणाली की ही खुर्ची हाकियाची आहे, दर सणाला तो तिथेच बसायचा. रादिसावने उभ्यानेच खाल्लं. जाताना मला म्हणाला, कूमला अडकवणाऱ्यांच्या घरात अंधार होतो. मी सांगितलं, विजेचं बिल भरलंय.

तुझा दादा तिहोमिर

व्हिएन्ना, २५ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

केक कसला, म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते. ताईबरोबर जा, पण जीभ घरी ठेव. मिलेंको त्याच गावात लाकडं कापतो, त्याचं काय? ताईला फोनवर म्हटलं, वराह दलाच्या तोंडांवर काळे मोजे होते, वकील तुला खोटं पाडतील, राहू दे. तर ती म्हणते, स्वेटरचं माप कळव!

धाकटीवर रागाव, पण पत्र चुकवू नकोस.

तुझी ग्रोझ्दाना

बेलग्रेड, ९ डिसेंबर

चि. ग्रोझ्दानास आशीर्वाद.

वकिलाने नेमकं तेच विचारलं. तोंड झाकलेलं, मग ओळखलं कसं? वर, कूमविरुद्ध बोलताना देवाचं भय नाही का?

ताईने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सारखी केली. म्हणाली, बाप्तिस्म्याच्या वेळी मिलेंको तान्हा होता, बोलता येत नव्हतं. म्हणून त्याच्या वतीने याच माणसाने मोठ्यांदा, तीनदा सैतानाला नाकारलं. माझ्या लेकरासाठी बोललेला तो आवाज मी कसा विसरेन? त्याच आवाजाने बेकरीच्या दारात हाकियाला गुडघे टेकायला सांगितलं.

वकील बसला. माझी जीभ, तुझ्या हुकमाप्रमाणे, घरी होती, म्हणून मी नुसती ताईची पिशवी उचलली. बाहेर मिलेंको आईचा कोट घेऊन उभा होता. न सांगता आला होता.

निकालाला वेळ लागेल. पुढच्या सणाला मात्र ये. गर्दी झाली तर उभी राहा. ती एक खुर्ची सोडून कुठेही बस.

माया आहेच, ती तशीच ठेव.

तिहोमिर