पहारेकऱ्याचा आवाज

पुणे, ६ जुलै २०२५

आदरणीय ज्योत्स्नावहिनींना,

नागसेनचा सविनय जयभीम. वि. वि. बाबांचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो. फोनवर बोलायला गेलो की जीभ अडते, म्हणून लिहितोय.

आमची कंपनी ‘आडोसा’चा तिसरा भाग काढते आहे. भिंतीला चिकटून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं हा कसला गेम, म्हणून तुम्ही भारतदादाला चिडवायचात. पण खरी मजा त्यातच होती. कारखान्यातून खोटे सातबारे बाहेर काढणारी गेममधली आपली मुलगी कुणाला मारत नाही. ती लपून ऐकते आणि पहारेकऱ्यांच्या गप्पांतून तिला गोष्ट कळत जाते. त्या गप्पा दादाने लिहिल्या, कोर्टात कारकुनी करता करता कानावर पडलेल्या. म्हाताऱ्या पहारेकऱ्याला आवाजही त्यानेच दिला.

आता वरचे लोक म्हणतात, लपून ऐकणं कुणाला नको आहे, मुलीच्या हातात पिस्तूल द्या. म्हणजे पहारेकरी मरणार. दादाचा आवाज पुन्हा वापरायला तुमची सही लागते. रेकॉर्डिंगच्या तारखांसह कागद सोबत जोडला आहे.

बाबांना जयभीम. माया असू द्यावी.

तुमचा,
नागसेन

---

अंबड, १३ जुलै २०२५

प्रिय नागसेनभाऊजी यांना,

ज्योत्स्नाचा जयभीम. तुमचं पत्र पोचलं. बाबांना खोकला न्हाई, पण जेवण कमी झालंय.

मी शाळेतून येते तेव्हा बाबा लॅपटॉप उघडून वाट पाहत असतात. गेमचा दुसरा भाग लावून मागतात, मुलीला पोत्यांच्या आड उभी करतात आणि पुढं जातच न्हाईत. पहारेकरी म्हणतो, “सकाळधरनं उभा राह्यलो, पाय सुजले, आन् चोर काही येऊन न्हाई राह्यला.” बाबा हसतात. अशी नऊ वाक्यं आहेत. संपली की पुन्हा पहिल्यापासून. काल मी म्हणाले, बाबा, गोष्ट पुढं आहे, चला की. तर म्हणाले, “गोष्टीला काय करू? भारत बोलून राह्यलाय, बोलू दे त्याला.”

त्या आवाजाला गोळी लागलेली मी त्यांना कशी दाखवू? मी सही करणार न्हाई.

आणखी एक. कागदावर शेवटच्या रेकॉर्डिंगची तारीख १० डिसेंबर २०२३ आहे. तो रविवार मी कसा विसरेन? हे जुन्या जालन्याला गेल्ते ते माझा ब्लाऊजपीस बदलून आणायला, आणि परत येताना वाळूच्या टिप्परनं उडवलं. तारीख चुकली असेल तर बराबर तपासून कळवा.

तब्येत सांभाळा. घरची आठवण ठेवा.

तुमची वहिनी,
ज्योत्स्ना

---

पुणे, २२ जुलै २०२५

आदरणीय वहिनींना,

सविनय जयभीम.

तारीख चुकलेली नाही. दादाला त्या दिवशी मी बोलावलं होतं. जालन्यात एका ओळखीच्याची रेकॉर्डिंगची खोली होती आणि कंपनीला सोमवारी सकाळी आवाज हवे होते. दादा म्हणाला, पुढच्या रविवारी जातो, आज ज्योत्स्नाला घरी राहीन म्हणालोय. मी ऐकलं नाही. तीनदा फोन केला. तुम्ही रागवाल म्हणून त्याने ब्लाऊजपीसचं निमित्त केलं.

आणि मी त्याला काय करायला सांगितलं होतं तेही ऐका. पिस्तुलाची चर्चा तेव्हाच सुरू झाली होती. पहारेकऱ्याचे मरतानाचे आठ आवाज मला हवे होते. त्याने एकही दिला नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो म्हणतो, “नागसेन, आपला गडी मरत न्हाई. त्याची ड्यूटी संपवून मी त्याला घरी पाठवून राह्यलो.” पुढे थोडं हसणं आहे. त्यानंतर तासाभरात तो गेला.

वर्षभर रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी समोर बसून ऐकत होतो.

दादाचा आवाज मी तिसऱ्या भागातून काढून टाकला. गेम कंपनीचा आहे, तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मरण्यासाठी त्यांनी दुसरा माणूस आणला आहे. रेकॉर्डिंग तुम्हाला पाठवतोय. आता ते फक्त तुमचं.

माया मागायचं तोंड नाही.

नागसेन

---

अंबड, ३ ऑगस्ट २०२५

नागसेनभाऊजी यांना,

जयभीम.

पत्र वाचून आठ दिवस मी रेकॉर्डिंग उघडलं न्हाई. मंग शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून ते ऐकलं. ह्यांचा आवाज बरा होता. घाईतला नव्हता.

तुमचा राग आलाय आणि तो किती दिवस राहील सांगता येत न्हाई. तुम्ही बोलावलं याचा कमी आहे. तुम्ही गप बसलात याचा जास्त आहे. दीड वर्ष मी नवी साडी अंगाला लावली न्हाई. आईनं विचारलं तर म्हणायचे, माझ्या हौसेपायी माणूस गेला. तुम्ही तेव्हा ओट्यावर बसलेले होता. एक शब्द बोलला असता तर मी इतकी जळाले नसते.

पण ह्यांनी तुमचं सगळं ऐकलं आणि गड्याला मारायचं तेवढं एक ऐकलं न्हाई, हे कळलं ते बरं झालं. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.

बाबांना यातलं काहीच ठाऊक न्हाई आणि मी सांगणार न्हाई. ते तुम्हीच सांगायचं, त्यांच्यासमोर बसून. पत्रानं न्हाई, फोनवर न्हाई. रविवारी या. आल्याआल्या सुरू करू नका. आधी त्यांच्यासंगं जेवा, म्हणजे त्यांच्याही पोटात दोन घास जातील.

माया आटली न्हाई, दुखावली आहे. एवढं समजून या.

ज्योत्स्ना