पंच्याण्णव किलोचा प्रवासी

आदरणीय दादा,

आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द मी इतकी वर्षं नुसता लिहीत होतो. गेल्या रविवारपासून तो प्रत्यक्षात जमतो, तोही पाण्यावर.) आपली पाठ, वहिनींचं पित्त आणि मुलांच्या परीक्षा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व कुशल. आईही कुशल आहेत, किंबहुना इतक्या कुशल आहेत की त्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

आपलं मागचं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आई स्वयंपाकघरात घसरल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, लिफ्ट नाही, तेव्हा महिनाअखेरीस येऊन त्यांना कायमचं आपल्याकडे नेणार, तळमजल्याची खोली तयार आहे आणि न्हाणीघरात धरायला दांड्याही बसवल्या आहेत, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपला हेतू चांगला आहे, यात तिळमात्र शंका नाही. पण दादा, ज्या बाईनं सगळी नोकरी बसची कंडक्टर म्हणून केली, एका हातात तिकिटं आणि दुसऱ्या हातात सुटे पैसे घेऊन प्रत्येक वळणावर दांडीला न शिवता उभी राहिली, तिच्यापुढे दांड्यांचा विषय काढायला नको होता. (आपण तर सुट्टीत त्याच बसमध्ये पहिल्या सीटवर बसून दिवस काढायचात, घरी सांभाळायला कुणी नसायचं म्हणून. आपल्याला हे मी काय सांगावं!) त्यांनी भांडी मात्र जरा जोरात घासली.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दाताच्या दवाखान्यात आल्या. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसलेला असताना सरळ आत येऊन खिडकीतून समोरच्या तलावाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मला त्यातली एक फळी घ्यायची आहे." तलावात हल्ली लोक लांबट फळीवर उभे राहून, हातातल्या उंच वल्ह्यानं पाणी मागे सारत फिरतात. पॅडल बोर्ड म्हणतात तिला. मी वयाचा विषय काढला, गुडघ्यांचा काढला, पाण्याच्या खोलीचाही काढून पाहिला. (त्या पोहतात आणि मी पोहत नाही, हे पेशंटसमोर निघालं ते वेगळंच.) शेवटी त्या म्हणाल्या, "दादाला कळू दे मी पडते की उभी राहते ते. मग नेऊ दे हवं तर." म्हणजे सगळा निकाल त्या फळीवर आला, आणि फळी निवडायला बरोबर जायचं माझ्या नशिबी आलं.

दुकानात शिरताच मी एका निळ्या, निमुळत्या, चकचकीत फळीच्या प्रेमात पडलो. दुकानदारीणबाई (उन्हानं रापलेल्या, खांद्यानं माझ्या दुप्पट) म्हणाल्या की ती शर्यतीची आहे, फार वेगानं जाते, पण नवशिक्याला मागे ठेवून जाते. पहिली फळी रुंद हवी, जाड हवी, तोंडाशी गोल हवी. हवा भरायची घेतली तर गुंडाळून पिशवीत घालता येते, तीन जिने चढवता येते आणि आपटलो तर लागतंही कमी. वल्हं कमी-जास्त होणारं घ्यावं, डोक्याच्या वर वीतभर ठेवावं. घोट्याला दोरी बांधावी, म्हणजे आपण पडलो तरी फळी पळून जात नाही, आणि तरंगायचं जाकीट तर घालायचंच. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या आणि मी निळीवरून हात फिरवत होतो.

मग आईंनी एक रुंद फळी जमिनीवर ठेवायला लावली, चपला काढल्या, वर चढल्या, पाय फाकवले आणि आम्हा दोघांना हुकूम सोडला, "हलवा." एका टोकाला मी, दुसऱ्याला दुकानदारीणबाई. आम्ही गचके दिले, झोके दिले, एकदा तर बाईंनी हिसडाच मारला. आई तसूभर हलल्या नाहीत. उलट डाव्या हातात वल्हं धरून उजव्या हातानं पदर नीट केला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत राहिली. दादा, माझा ऊर भरून आला, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पुढे मात्र माझा अपमान झाला. फळी किती वजन पेलते, असं आईंनी विचारलं. तुमचं एकटीचं आरामात पेलेल, असं उत्तर आलं. आई म्हणाल्या, "एकटीचं नाही. मी, आणि एक पंच्याण्णव किलोचा." बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी ओल्या कपड्यांसकट साठ भरतो! इतकी वर्षं जावई म्हणून वावरतो आहे, आणि सासूच्या नजरेत मी पंच्याण्णव किलोचा. पण चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसलो, आणि आम्ही दुकानातली सर्वात मोठी, पिवळीजर्द, पलंगाएवढी फळी घेऊन आलो.

ती नीट फुगते का हे बघायला मी आईंच्या घरीच, हॉलमध्ये पंप मारला. नीट फुगली. इतकी नीट की दारातून बाहेर काढली पण जिन्याच्या वळणावर अडकली, मी भिंत आणि फळी यांच्या मध्ये, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना दूध आणायला खाली जायचं होतं. आईंनी त्यांना फळीखालून वाकून जायला सांगितलं, "सावकाश, गर्दी करू नका," असंही म्हणाल्या. (काका एकटेच होते.) शेवटी हवा सोडून आम्ही सुटलो.

आता तलाव. आपल्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून लिहितो. पहिल्यांदा आई दोनदा पडल्या. पडल्या म्हणण्यापेक्षा उतरल्या म्हणू. आधी गुडघ्यांवर बसल्या, मग ऐटीत उभ्या राहिल्या, पण तोंड फळीच्या मागच्या टोकाकडे करून! सरळ जाण्यासाठी मागच्या टोकाखाली एक पातं असतं, ते झालं पुढे, त्यामुळे फळी जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली. मी काठावरून ओरडलो, आई, वळा! त्या वळल्या, चार हात गेल्या, आणि पुन्हा आपोआप मागे तोंड. जन्मभर ड्रायव्हरकडे पाठ आणि प्रवाशांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईला रिकाम्या फळीवर पुढे बघायचं ते कुणाकडे, हे समजेना. धप्प.

दुसऱ्यांदा वर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. लागलं नव्हतं. पण आपलं पत्र त्यांना आठवलं असावं. मग केस झटकून मला म्हणाल्या, "तुम्ही या. पुढच्या टोकाला बसा, माझ्याकडे तोंड करून." आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, काही होत नाही, आ करा. आई मला म्हणाल्या, "काही होत नाही, तोंड मिटा." मी आधी फळीवर साष्टांग आडवा झालो, मग बसलो. समोर प्रवासी दिसताच त्या अशा उभ्या राहिल्या की खांबानंही लाजावं. "आत सरका," म्हणाल्या. सरकलो. तोंडानं टिंग टिंग केलं आणि गाडी निघाली. पलीकडच्या काठापर्यंत गेलो, परत आलो, वाटेत एका हंसाला बाजूला व्हायला सांगितलं. दादा, मी फळीच्या कडा दोन्ही हातांनी धरून वर बघत होतो. मागे आभाळ, हातात वल्हं, आणि कुठेही न धरता उभी असलेली आपली आई. एवढी उंच मला ती कधी दिसली नव्हती.

तेव्हा त्यांना न्यायचं की नाही, ते आपण थोरले, आपणच ठरवावं. लहान तोंडी मोठा घास मी घेणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (अद्याप ओला),
धाकटा मेहुणा

ता. क. घास घेतोच. नेऊ नका.

ता. क. दुसरा. पंच्याण्णव किलोचं कोडं काल सुटलं. मी आपल्या बहिणीकडे तक्रार केली, तर ती हसायचीच थांबेना. गेल्या महिन्यात डॉक्टर वजनावरून रागावल्याचं आपण आईंना फोनवर सांगितलं होतंत म्हणे. मी नुसता बदली प्रवासी आहे, दादा. तेव्हा महिनाअखेरीस जरूर या, पण मोठी बॅग नको, एक अर्धी चड्डी आणा. आणि हे मी लिहिलंय असं आईंना कळू देऊ नका, पत्र त्यांच्या नकळत टाकतो आहे.

ता. क. तिसरा. (अक्षर आईचं.) पाकीट माझ्याच घरी उघडं ठेवून जावई दवाखान्यात गेलेत. मी दोनदा नाही, तीनदा पडले. लागलं नाही. ते फार हलतात, तू लहानपणी कधी हलायचा नाहीस. ये. पुढे जागा आहे.