चाळीस अक्षरांचा रकाना

३ फेब्रु., सोम.
हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी नव्या सिस्टिमवर चढवल्या आणि मराठीची पार खिचडी. चूक माझीच. तीन बाइट मिळून मराठीचं एक चिन्ह होतं. माझ्या प्रोग्रॅमनं प्रत्येक बाइटचं वेगळं अक्षर केलं. एकाची तीन. तीन-तीन परत जोडली, नावं उमटली. जीव भांड्यात. मोठ्या डॉक्टर मॅडमना बोलले नाही. निस्तरलं, मग कशाला.

६, गुरु.
वॉर्डात सिस्टरनं इंजेक्शन भरलेलं. मिरजगावचे आजोबा. सून म्हणाली, "त्यास्नी पेनिसिलिन चालत न्हाई. मागं लई सूज आल्ती, दम कोंडला हुता." सिस्टरनं मला बोलावून स्क्रीन दाखवला.
पेनिसिलिन चालत.
एवढंच. पुढचं 'नाही' गेलं, सिस्टरनं 'चालतं' असं वाचलं. रकान्यात चाळीसच अक्षरं मावतात. एकाची तीन झाली तेव्हाच शेपूट कापलं गेलं. मी जोडलं ते कापलेलंच. सून तिथं नसती तर

७, शुक्र.
मॅडमना सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "किती जणांचं असं झालंय?" माहीत नव्हतं. पूर्ण नोंदी फक्त जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर, आणि तो नव्याच्या बदल्यात श्रीरामपूरच्या दुकानदाराला दिलेला. त्यानं डिस्क अजून पुसली नव्हती. एसटीनं जाऊन घेऊन आले. येताना पर्स पोटाशी धरून.

८, शनि.
जुनं-नवं ताडून पाहिलं. एकोणीस जणांचं 'नाही' कापलं गेलेलं. सगळ्यांना फोन. अठरा लागले, अठरा जण ठीक. राहिले काशिनाथ. मंगळवारी तपासून गेले, मग ऊसतोडीला. फोन बंद. त्यांच्याकडे आमचं नवं छापील कार्ड आहे. सिस्टिममधूनच काढलेलं, म्हणजे त्यातही 'नाही' नाही.

१०, सोम.
काशिनाथांच्या भावाचा नंबर मिळाला. काल फडात तापानं पडले, कर्जतच्या एका दवाखान्यात ठेवलंय. मी कार्डाचं विचारलं. म्हणाला, "दावलं की डॉक्टरला. समदं लिव्हलंय त्याच्यात." आवाजात काळजी नव्हती, उलट समाधान. इंजेक्शन दिलं का, ते त्याला ठाऊक नाही. तो नाष्टा आणायला बाहेर आलाय. त्याला म्हटलं, आधी पळत आत जा, काही टोचू देऊ नका.
मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना फोन लावलाय. मी समोर बसून हे लिहितेय. रिंग वाजतेय. उचलत नाहीत. त्या परत लावतायत.